चार नंबरच्या हेडचा धागा

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून माझा फोन सुरू होतो. "भाऊ, धागा तुटून राहिला." "मिस्त्री, मशीन खरखर करून राहिली." "कालपर्यंत बरी होती हो, कोणी हातसुद्धा नाही लावला." हे शेवटचं वाक्य ऐकलं की मी ओळखतो, चांगलाच हात लावलेला आहे. मूठभर कुंकू, हळद, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि वरून नारळ फोडताना उडालेलं पाणी. वर्षभर जिच्यावर पोट भरतं तिची एक दिवस पूजा करायची, यात वाईट काहीच नाही. पण एम्ब्रॉयडरीच्या मशिनीला ती पचत नाही, त्याला मी काय करू?

मी अमरावतीचा. आधी पायाच्या शिलाई मशिनी दुरुस्त करायचो. पुढे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरीच्या मशिनी आपल्याकडे आल्या, तसा त्यांच्या मागे लागलो. आता गुडघे कुरकुरतात, तरी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत पिशवी घेऊन फिरतो. पिशवीत पेचकस, पाने, ब्रश, भिंग आणि तेलाची बुधली. बायको म्हणते, "तुमच्या अंगाले साबण लावला तरी तेलाचाच वास येते." येतो खरा.

ज्यांनी ही मशीन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिलाई मशिनीत आपण कापड सरकवतो. इथं कापड चौकटीत ताणून बसवतात आणि ती चौकटच कॉम्प्युटरच्या हुकमानं मागेपुढे, डावीउजवीकडे सरकते. सुई आपल्या जागी फक्त वरखाली होते. सुया, धागे आणि त्यांचा सगळा बाडबिस्तरा मिळून एक हेड. मशीन सहा हेडची असली की एकाच वेळी सहा ब्लाऊजांवर एकच मोर उमटतो. बघायला आलेली माणसं त्या मोराकडे बघतात. खरं काम सुईच्या खाली, प्लेटच्या आत चालतं. तिथं लिंबाएवढा एक पोलादी तुकडा गरगर फिरत असतो, त्याला हूक म्हणतात. सुई खाली आली की हुकाचं टोक वरच्या धाग्याचा फास पकडतं, खालच्या धाग्याच्या बॉबिनभोवती फिरवून आणतं आणि सोडून देतं. एक टाका झाला. असे मिनिटाला सात-आठशे टाके. सुई आणि हुकाचं टोक यांच्यात कागद जेमतेम जाईल एवढीच जागा. आता तिथं कुंकू गेलं, ते तेलात कालवलं गेलं आणि त्याचा लगदा झाला, तर धागा तुटणार नाही तर काय होणार?

लोक विचारतात, मशीन टिकवायची कशी? मी सांगतो, फार काही नाही हो. सकाळी सुरू करायच्या आधी हुकाला एक थेंब तेल. एक म्हणजे एकच. काही जणांना वाटतं, एकानं चालते तर पाचानं पळंल. मग ते तेल धाग्यावर, धाग्यावरून कापडावर, आणि नवरीच्या शालूवर डाग. रोज संध्याकाळी प्लेट उघडून ब्रशनं धाग्याची लव काढा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्यानं कचरा बाहेर जात नाही, आत बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. सुई तुटायची वाट न पाहता बदला. आणि मशीन वेगळा आवाज करायला लागली तर गाण्याचा आवाज वाढवू नका. हे मी गमतीनं नाही म्हणत, अमरावतीत एका दुकानात खरंच तसं चालू होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. वलगावचे एक भाऊ होते. त्यांचं पांढरं पातळ मशीन-तेल संपलं, दुकान दूर, काम घाईचं. घरात जवसाचं तेल होतं, तेच त्यांनी घातलं. मी गेलो तर हूक हलेना. जवसाचं तेल वाळलं की चिवट होऊन बसतं, अगदी व्हार्निश मारल्यागत. मी म्हटलं, "भाऊ, हे काय केलं?" ते म्हणाले, "तेल तेल असते ना बावा. आमी खातो, तिले काय होते?" दोन दिवस मी ते खरवडत बसलो. दोन्ही दिवस त्यांनी मला त्याच तेलातली चटणी वाढली. चटणी फक्कड होती, ते नाकारत नाही.

शेंदूरजनाघाटला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरी तर उलटंच. सुनेसाठी एक हेडची मशीन आणलेली. सासूबाईंनी तिला शाल पांघरून ठेवली आणि कोणाला हात लावू दिला नाही. खराब होईल म्हणून. वर्ष-दीड वर्षानं चालू केली तर जागची हलेना, आतलं तेल वाळून गेलेलं आणि मागच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. सासूबाई मला म्हणाल्या, "मी तर तिले इतकं जपलं!" मी म्हटलं, "आजी, जपली नसती तर वाचली असती." सून तोंडाला पदर लावून आत पळाली. नंतर त्या सुनेनं तिच्यावर छान काम केलं, शाळेच्या गणवेशांचे बिल्ले वगैरे.

हे असे किस्से मी चारचौघांत खूप सांगतो. माझ्या किस्स्यांत चूक नेहमी गिऱ्हाइकाची असते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. म्हणून आज एक असा सांगतो, जो मी कोणाला सांगत नाही.

त्याआधी घरचं एक सांगायला पाहिजे. आम्ही बौद्ध. माझा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. दसऱ्याला आमच्याकडे पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वंदना करायची. मशिनीला हार-कुंकू आमच्या घरी कधी नव्हतं. बापाचं एकच म्हणणं, तपासल्याशिवाय काही मानायचं नाही; माणसाचंही नाही आणि यंत्राचंही नाही. हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं की माझ्या हाडात मुरलं. निदान मला तसं वाटत होतं. मी कोणाच्या श्रद्धेला नावं ठेवत नाही, असं तोंडानं म्हणायचो. मनातून ठेवायचो. दसऱ्यानंतर हूक उघडला आणि आत लाल लगदा दिसला की मला राग यायचा आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटायचं. पाहा, मी म्हणत नव्हतो?

अकोल्याला मुरलीसेठ म्हणून एक जण आहेत. सहा हेडची एक मोठी मशीन आणि एक छोटी, सात-आठ माणसं कामाला. मोठ्या मशिनीवर ऑपरेटर होती बेबीताई. मूळची बार्शीटाकळीची, माळ्याच्या घरची, भावाचा फुलांचा आणि भाजीचा मळा. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन अकोल्यात आली, आधी धागे कापायच्या कामावर लागली आणि बघून बघून मशीन शिकली. सात वर्षं तिनं ती मशीन चालवली. कॉम्प्युटरवर डिझाइन चढवणं, धाग्यांचे रंग लावणं, ताण जुळवणं, सगळं. त्या गल्लीत बाकी सगळे ऑपरेटर पुरुष. तिची मुलगी शाळेत सांगायची, माही आई ऑपरेटर हाये. हे मला मुरलीसेठनंच कौतुकानं सांगितलं होतं.

बेबीताई मला आवडायची कारण तिची मशीन स्वच्छ असायची. मी प्लेट उघडली की लव नाही, जास्तीचं तेल नाही. पण दसऱ्याला पूजा तीच करायची. भावाच्या मळ्यातून झेंडू आणायची, सहाही हेडला हार घालायची आणि प्रत्येकाला बोटानं कुंकू लावायची. मी दरवर्षी बजावायचो, "बेबीताई, कुंकू नोका लावू." ती म्हणायची, "भाऊ, बोटाएवढंच लावते. तिचा एक दिवस असते."

एका वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी मी तिथं सर्व्हिसिंग करून आलो. दसरा झाला. तिसऱ्या दिवशी मुरलीसेठचा फोन. चार नंबरच्या हेडचा धागा सारखा तुटतो. बाकी पाच हेड बरोबर. लग्नाच्या ब्लाऊजांचं काम अंगावर, आणि एका हेडचा धागा तुटला की सहाही हेड थांबतात.

मी गेलो. चार नंबरची प्लेट काढली, हूक पाहिला. आत लाल. झालं! मला पुढं काही बघायची गरजच उरली नाही. दुकानात तेव्हा सगळे होते. सेठ, धागे कापणाऱ्या तिघी, छोट्या मशिनीवरचा माणूस, ब्लाऊज न्यायला आलेल्या दोन बाया. मी ते लाल बोट वर करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं, "हे पाहा. इतक्या वर्षांपासून सांगून राहिलो. लाखाची मशीन अन् देवळातल्या दगडासारखं कुंकू फासून ठेवते ही बाई. मशीन समजत नाही तर हात कायले लावता?"

बेबीताई माझ्या समोरच उभी होती. तिचा चेहरा उतरला. पण ती गप्प नाही बसली. म्हणाली, "भाऊ, कुंकू तर साऱ्याच हेडले लागलं. मंग चार नंबरचाच धागा काहून तुटून राहिला?"

याला म्हणतात प्रश्न. मेकॅनिकनं स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न. सहा हेडला सारखं कुंकू आणि बिघाड एकाच हेडला, तर कारण कुंकू नाही, त्या एका हेडचं काहीतरी वेगळं आहे. एवढी साधी गोष्ट. आणि मी काय म्हणालो? "तुमी बटणं दाबा, मेकॅनिकी मले करू द्या." छोट्या मशिनीवरचा माणूस हसला. मग सेठही हसले. मग सगळेच.

मी कुंकू साफ केलं, तेल दिलं, मशीन चालवून पाहिली. थोडा वेळ चालली. मी अमरावतीला निघून आलो. दोन दिवसांनी धागा पुन्हा तुटायला लागला. मी फोनवर सांगितलं, आत कुठंतरी कुंकू राहिलं असेल, रुळेल. नाही रुळलं. शेवटी सेठनं चार नंबरचं हेड बंदच करून टाकलं आणि मशीन पाच हेडवर चालवायला लागले. आणि बेबीताईला म्हणाले, "काही दिवस तुमी धागे कापा." मशिनीवर त्यांनी नात्यातला एक माणूस बसवला. ती पंधरा दिवस मशिनीकडे पाठ करून, हातात लहान कैची घेऊन, दुसऱ्यानं काढलेल्या नक्षीचे लोंबते धागे कापत बसली. मग यायची बंद झाली. मला हे नंतर कळलं. कळल्यावर मी म्हटलं, "जाऊ द्या, शिकंल." असं मी म्हटलं. मला आजही हे लिहिताना लाज वाटते.

वर्ष गेलं. पुन्हा दसरा जवळ आला, पुन्हा मी सर्व्हिसिंगला अकोल्यात. सेठ म्हणाले, "मिस्त्री, या खेपेस चार नंबरचा निकाल लावून टाका." दुपारची वेळ, मशीन बंद, माणसं जेवायला गेलेली. मी हूक पूर्ण काढून हातात घेतला. डोळ्याला काही दिसेना, भिंगातूनही काही दिसेना.

तेव्हा मी ते केलं जे मी वर्षापूर्वीच करायला पाहिजे होतं. आपल्या वऱ्हाडात कापसाची काय कमी? पिशवीत मी नेहमी थोडा कापूस ठेवतो. सरकी काढलेला, स्वच्छ. त्याचा पातळ पदर हुकाच्या काठावरून हळूच ओढायचा. काठ गुळगुळीत असला तर कापूस सरकत जातो. कुठं केसाएवढी जरी खोच असली तर तंतू तिथं अडकून राहतो. बोटाला जे कळत नाही ते कापसाला कळतं. मी ओढला. टोकापासून थोडं अलीकडे कापूस अडकला. दोन पांढरे तंतू तिथं चिकटून राहिले.

मी ती जागा प्रकाशात तिरकी धरून पुन्हा भिंग लावलं. ओरखडा होता. बारीक, किंचित वाकडा. त्याच्या रुंदीचं एकच हत्यार माझ्या पिशवीत आहे. आणि मला आठवलं. आदल्या वर्षीचं सर्व्हिसिंग, चार नंबरच्या हुकासमोरच्या पट्टीचा स्क्रू घट्ट बसलेला, मी जोर लावला आणि पेचकस सटकला. कट्ट करून आवाज झाला होता. मी वाकून पाहिलं, काही दिसलं नाही, म्हटलं, नाही लागलं. आणि पट्टी लावून टाकली. दसऱ्याच्या आठ दिवस आधी! कुंकू लागायच्याही आधी ती मशीन मी बिघडवली होती.

बारीक पॉलिश पेपर घेऊन मी तो काठ घासला. पुन्हा कापूस ओढला, सरकत गेला. हूक बसवला, सुई आणि हुकाचं टायमिंग जुळवलं, हेड चालू केलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, धागा तुटला नाही. मुरलीसेठ जेवून आले, सहाही हेड चालू पाहून खूश. "काय केलं हो मिस्त्री?"

मी म्हटलं, "टायमिंग थोडं हललं होतं."

हे खोटं माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मीच चकित झालो. सेठ म्हणाले, "बेबीताईच्या हातानं बिघडली होती, तुमच्या हातानं सुधरली. पाहा बरं, हाताहातात फरक असते." मी मान हलवली. हो म्हटलं नाही, पण मान हलवली.

अमरावतीला परत आलो. जेवण जाईना. बायको विचारे, "काय झालं?" मी सांगेना. अकोल्यात बारा दुकानं माझ्या भरवशावर होती, एकदा कळलं की मिस्त्रीनंच हूक खराब केला तर कोण बोलावणार? हे एकीकडे. आणि दुसरीकडे बापाचं बोलणं. त्याचं बोलणं मी दुसऱ्यांना ऐकवायला ठेवलं होतं, स्वतःसाठी नव्हतं ठेवलं.

तीन दिवसांनी मी बार्शीटाकळीला गेलो. पत्ता विचारत विचारत मळ्यात पोचलो. दसरा तोंडावर, सगळा झेंडू फुललेला, आणि बेबीताई ओच्यात फुलं तोडत होती. मला पाहिलं. हात थांबवला नाही.

"वळखलं काय, बेबीताई?"

"वळखलं. बसा तिथं बांधावर."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. हुकावर ओरखडा होता, तो माझ्या पेचकसचा होता, कुंकवाचा काही संबंध नव्हता. ती तोडत राहिली.

सगळं ऐकून म्हणाली, "मले मालूम होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुमी गेल्यावर मी हुकाच्या काठावरून नख फिरवून पाह्यलं. अडकलं."

मी हबकलोच. जिथं माझं भिंग हरलं तिथं तिचं नख पोचलं होतं. मी म्हटलं, "अवो, मंग सांगतलं काहून नाही?"

आता मात्र तिनं हात थांबवला. "सांगतलं नाही? चार नंबरचाच काहून तुटते, हे कोणं इचारलं होतं? तवा तुमी काय म्हणाले, आठोते का? मंग आखीन कोणाले सांगू? कोण आयकून घेणार होतं माहं, बटणं दाबणारीचं?"

मी हात जोडले. "चुकलं माहं. माफी मांगाले आलो."

"इथं नोका मांगू, भाऊ," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी सरळ. "इथं कोण आहे आयकाले? झेंडू? तुमी मले साऱ्यायच्या समोर बोलले. सांगाचं असन तं तिथंच सांगा, साऱ्यायच्या समोर." आणि मग ओचा सावरत म्हणाली, "माह्या पोरीनं शाळेत सांगणं सोडून देलं."

एवढं बोलून ती पुन्हा फुलं तोडायला लागली. चहा मात्र पाजला. आपल्याकडे आल्या माणसाला तसंच पाठवत नाहीत, मग तो कसाही असो.

दसऱ्याच्या दिवशी मी पहिल्यांदाच विहारात नाही गेलो. पांढरा शर्ट घालून अकोल्याची गाडी पकडली. मुरलीसेठकडे पूजा मांडलेली. सगळी माणसं जमलेली, शेजारच्या दुकानांतलेही दोघे-तिघे आलेले. हे दोघे-तिघे माझीच गिऱ्हाइकं. सेठच्या हातात आरतीचं ताट. मला पाहून म्हणाले, "या या मिस्त्री, आज कशी वाट वाकडी केली? तुमी तं पूजेले येत नाही."

मी म्हटलं, "सेठ, आधी दोन शब्द बोलू द्या." आणि सगळ्यांसमोर बोललो. "चार नंबर बेबीताईच्या कुंकवानं नव्हती बिघडली. माह्या पेचकसनं बिघडली होती. त्यायनं तवाच बरोबर प्रश्न इचारला होता, मी त्यायले गप्प केलं. अन् परवा मी टायमिंग म्हणून सांगतलं, तेई खोटं. हुकावर माहा ओरखडा होता, तो घासून काढला."

छोट्या मशिनीवरचा माणूस जमिनीकडे पाहत होता. सेठ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अन् हे सांगाले तुमाले आजचाच दिवस भेटला काय?"

कोणी हसलं नाही. सेठनं ताट खाली ठेवलं. विचारलं, "बेबीताईचा नंबर आहे का कोणापाशी?" धागे कापणाऱ्या तिघींनी एकदम मोबाईल काढले. तिघींकडेही होता. वर्षभर होता.

त्या दिवशी तिनं फोन उचलला नाही. शेजारच्या दोन दुकानांनी मला नंतर बोलावणं बंद केलं. त्यांचं चूक म्हणत नाही मी. मुरलीसेठनं मला तोडलं नाही, पण पहिल्यासारखं मिस्त्री मिस्त्री करणंही थांबलं. ठीक आहे. जे माझं नव्हतं ते गेलं.

बेबीताई दिवाळीनंतर परत आली. सेठ स्वतः बार्शीटाकळीला गेले होते बोलवायला. नात्यातला माणूस छोट्या मशिनीवर मदतीला गेला. तिनं यायच्या आधी एक अट घातली, ती सेठनं मला फोनवर ऐकवली. "मिस्त्रीभाऊ सर्व्हिसिंग करतीन तं मी बाजूले बसन. अन् झाल्यावर सहाही हुकांवरून कापूस मी फिरवून पाहीन. मंगच भाऊनं पिशवी उचलाची." कापसाची युक्ती मीच तिला मळ्यात सांगितली होती, माफीच्या बोलण्यात. मी सेठला म्हटलं, मंजूर.

तेव्हापासून तसंच चालतं. माझं काम संपलं की मी हात पुसत बाजूला उभा राहतो. ती खुर्ची ओढून बसते, कापसाचा पदर घेते आणि एक नंबरपासून सुरुवात करते. तिशीच्या आत-बाहेरचे नवे मेकॅनिक कधी कधी बघायला येतात, त्यांना मजा वाटते, इतका जुना मिस्त्री आणि निकालाची वाट बघत उभा. मला त्याचं काही वाटत नाही. पहिल्या वेळी वाटलं होतं, कान तापले होते. आता नाही.

मागच्या वर्षी असंच झालं. दसऱ्याच्या आधीचं सर्व्हिसिंग, दुकान भरलेलं. सेठ होते, धागे कापणाऱ्या तिघी, एक शाळेचे मास्तर गणवेशाचं काम घेऊन आलेले. बेबीताईनं एक नंबरवरून कापूस फिरवला, सरकला. दोन नंबरवर तिचा हात थांबला. मी तिथूनच पाहिलं, तंतू अडकला होता. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, हातही कधी कधी थरथरतो. पुन्हा कुठंतरी पेचकस लागला असणार. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. भरलं दुकान, सगळ्यांचे डोळे तिच्या हाताकडे. तिनं फक्त माझ्याकडे बोट करायचं होतं.

तिनं तो कापूस मुठीत घेतला आणि तीन नंबरकडे वळली. तीन, चार, पाच, सहा. सगळं झाल्यावर म्हणाली, "झालं, चहा घ्या सारे." माणसं चहाच्या टपरीकडे निघाली. मीही पाय उचलला, तर मागून हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी थांबा. दोन नंबर एकदा पाहून घ्या."

मी हूक काढला, काठ घासला आणि तिच्या हातात दिला. तिनं कापूस ओढून पाहिला, तो सरकत गेला. बाहेरून सेठनं आवाज दिला, "काय झालं मिस्त्री, काही राह्यलं काय?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "काही नाही, सेठ. भाऊ तेल देऊन राहिले." मी तिच्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन सेठला खरं काय ते सांगितलं.